काचेवरची नक्षी, दगडावरचं नाव आणि मधली वाळू

शिरूर तालुक्याच्या उत्तर हद्दीवर, टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामधून वाहणाऱ्या कुकडी नदीने काळ्या पाषाणात रांजणखळगे कोरले आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे आणि वाळू एकाच जागी हजारो वर्षं गरगरत राहिली आणि बेसॉल्टसारख्या चिवट खडकात गुळगुळीत रांजण तयार झाले. नुसत्या पाण्याला हे काम जमलं नसतं. पाणी वेग देतं, दगड कापतात ते त्यातले कण. ही कुकडी पुढे घोडनदीला मिळते, घोड भीमेला. तालुक्याच्या दक्षिण टोकाला, त्याच भीमेकाठच्या ऊसपट्ट्यात मांडवगण फराटा आहे. वाघेश्वराचं गाव. नदीपलीकडे दौंड तालुका लागतो.

या पट्ट्यात उसाचे पैसे आले की घर बांधायचं, ही रीत आता जुनी झाली. नव्या बंगल्याच्या दोन जागी मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काही तरी नवं दिसू लागलं. एक म्हणजे दिवाणखान्याच्या दाराची काच: तिच्यावर पांढुरक्या धुक्यातून उमटलेला मोर, कमळ किंवा गणपती. दुसरी म्हणजे फाटकाजवळची काळ्या ग्रॅनाइटची नामपाटी, ‘मातृ-पितृ कृपा’ किंवा घराण्याचं नाव मिरवणारी. मंदिराच्या जीर्णोद्धाराची देणगीदारांची पाटी, शाळेची कोनशिला, रानातल्या समाधीवरचा लेख ही सगळी त्याच कुळातली कामं. कुकडीने जे पाण्याने केलं तेच इथे दाबाच्या हवेने होतं. एका अरुंद नळीतून कण जोरात मारायचे आणि नको तेवढा पृष्ठभाग उडवायचा. गावात या कामाला सरसकट ‘एचिंग’ म्हणतात, मग ते आम्लाने केलेलं असो, हवेने मारलेल्या कणांनी असो की लेझरने. या सगळ्या कामाचा आढावा घ्यावासा वाटला याला कारण आहे. या कलेबद्दल कौतुकाने बोलणारे भेटतात, तिच्या धोक्याबद्दल बोलणारेही भेटतात. पण दोन्ही गोष्टी एका जागी ठेवून विचार क्वचितच होतो.

कठीण पदार्थावर नक्षी उठवण्याची ओढ या भागात फार जुनी आहे. मांडवगणपासून जवळच घोडनदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ ते १९८२ या काळात तिथे उत्खनन केलं आणि इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथे गारगोटीच्या जातीच्या दगडाची पाती सापडली, कार्नेलियनसारख्या दगडांचे मणी सापडले, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरं वस्तीच्या कडेला वेगळी ओळखता आली. विदर्भात नागपूरजवळ माहुरझरीच्या महापाषाणीय दफनांत तर लाल कार्नेलियनवर पांढऱ्या रेघांची नक्षी असलेले मणी मिळाले आहेत. त्या रेघा कोरलेल्या नसून क्षाराने उठवलेल्या आहेत. अशा मण्यांची कृती पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सिंधमधल्या सेहवानच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून पाहून लिहून ठेवली: धुण्याचा सोडा, एका झुडपाच्या कोवळ्या कोंबांचा रस, त्या मिश्रणाने मण्यावर रेघ ओढायची आणि मणी निखाऱ्यात तापवायचा. दगडावर रसायनाने चित्र काढण्याची ही विद्या सिंधू संस्कृतीपासून चालत आलेली. आपल्याकडचं ‘एचिंग’ युरोपातून आलं असं सर्रास सांगितलं जातं; दगडापुरतं तरी ते खरं मानता येत नाही.

काचेचं एचिंग मात्र बाहेरूनच आलं. न्यूरेंबर्गच्या हाइनरिश श्वानहार्टने १६७० च्या सुमारास आम्लाने काच खाल्ली जाते हे हेरलं, असं परंपरा सांगते. १७७१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेलेने त्या आम्लाचा शास्त्रीय अभ्यास केला. हेच हायड्रोफ्लोरिक आम्ल. बाकीची आम्लं काचेच्या बाटलीत निवांत राहतात. हे एकटं काचेतल्या सिलिकाशी भिडतं. नुसत्या आम्लाने काच झिजते पण स्वच्छ राहते. त्यात अमोनियमचे क्षार मिसळले की पृष्ठभागावर बारीक स्फटिक धरतात आणि काच दुधी होते. आम्लाने केलेली दुधी काच हाताला रेशमासारखी लागते, कारण आम्ल बारीक तड्यांच्या कडा बोथट करत जातं. कणांनी मारलेली काच खरखरीत लागते आणि बोटांचं तेल धरून ठेवते. स्वयंपाकघराच्या दाराची नक्षी दोन वर्षांत मळकट का दिसते, याचं उत्तर इथे आहे. त्यावर पारदर्शक लेप देता येतो. चांगला कारागीर तो न सांगता देतो.

आपल्या जिल्ह्याचा काचेशी संबंध तसा जुनाच. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचकारखाना निघाला, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने. तिथे शिकलेली माणसं पुढे देशभरच्या काचकामात पसरली. कराडजवळचा ओगल्यांचा कारखाना १९१६ चा. हे कारखाने भांडी, चिमण्या, कंदील यांचे. सजावटीच्या सपाट काचेची आवड रुजली ती मुंबईत: १९३० आणि ४० च्या दशकांत मरीन ड्राइव्ह, दादर, माटुंग्याच्या इमारतींच्या जिन्यांना आणि दारांना बसलेल्या दुधी, भौमितिक नक्षीच्या काचांतून. खेड्यापर्यंत ती यायला आणखी अर्धं शतक गेलं. सपाट फ्लोट काच देशात बनू लागली, तळोज्यासारख्या ठिकाणचे कारखाने सुरू झाले आणि मोठ्या मापाची, आरशासारखी सरळ काच तालुक्याच्या दुकानात परवडू लागली. त्याशिवाय हे काम गावात आलंच नसतं.

हवेने कण मारण्याचं पेटंट फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिलघमन यांनी १८७० मध्ये घेतलं. त्यांनी हेरलेलं मर्म असं की कठीण आणि ठिसूळ पदार्थ कणाच्या माऱ्याने उडतो, मऊ आणि लवचीक पदार्थ तोच मारा परतवून लावतो. काच जाते, रबर राहतं. ग्रॅनाइट झडतो, त्यावरचा मऊ थर टिकतो. सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. अमेरिकन यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरींवरचे संगमरवरी दगड पुढच्या दशकात याच पद्धतीने घाऊक लिहिले गेले. म्हणजे पहिल्यापासूनच या यंत्राचं मोठं काम नाव लिहिण्याचं होतं.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते दाराच्या एका काचेवरून पाहू. आठ किंवा दहा मिलिमीटरची काच आधी मापात कापायची, कडा घासायच्या, भोकं पाडायची, कारण भट्टीत तापवून टफन केल्यानंतर तिला कापता येत नाही. मग काच धुऊन, पुसून, तिच्यावर विनाइल चिकटवायचं. स्क्वीजी मधून कडेकडे ओढत नेली तरच खालची हवा निघते; एक बुडबुडा राहिला तर तिथून कण आत शिरतात आणि नक्षीच्या कडेला दाढी फुटते. चित्र संगणकावर आखून कटिंग प्लॉटरने कापलेलं असतं. जुने लोक अजून कार्बन ठेवून, ब्लेडने हाताने कापतात, आणि त्यांच्या मोराच्या मानेची रेघ प्लॉटरच्या रेघेपेक्षा जिवंत असते असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे तीन वाटा फुटतात. सगळी आकृती एकदम सोलून एकसारखी मारली की साधी दुधी नक्षी मिळते. नळी लांब धरून, हात फिरता ठेवून हलकी फवारणी केली की गडद-फिकट छटा उतरतात. खोली येत नाही, पण पाकळीला गोलाई येते. तिसरी वाट खोल कोरण्याची, आणि खरी कसोटी तिथे लागते. काम काचेच्या मागच्या बाजूने करायचं असतं, बघणारा समोरून बघणार. म्हणून अक्षरं उलटी, आणि चित्राचा क्रमही उलटा: जी पाकळी सगळ्यांत पुढे दिसायची ती आधी सोलायची आणि सगळ्यांत खोल मारायची, मग तिच्या मागची, मग पान, शेवटी देठ. विनाइल सोलण्याचा क्रम चुकला तर मागची पाकळी पुढे येते आणि ती दुरुस्त होत नाही. खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवलेली बरी. खोल आणि असमान कोरलेली काच टफनच्या भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापून एकदम गार होते तेव्हा फुटू शकते, म्हणून खोल काम आणि टफन काच या दोन्ही गोष्टी एकाच दारात मागणाऱ्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागतं.

अशा कोरलेल्या काचेच्या कडेला एलईडीची पट्टी लावली की प्रकाश काचेच्या आत दोन्ही पृष्ठभागांवरून परतत राहतो आणि फक्त जिथे कोरलंय तिथेच बाहेर पडतो. उरलेली काच काळोखात नाहीशी होते, विठ्ठल तेवढा उजळतो. देवघरांच्या मागच्या काचा आता बहुतेक अशाच होतात. या एका युक्तीने गेल्या काही वर्षांत या कलेला जेवढं काम दिलं तेवढं दुसऱ्या कशाने दिलं नसेल.

देवनागरीची अडचण वेगळी सांगायला हवी. अक्षरं स्वच्छ आणि भोवतीची जमीन दुधी ठेवायची असेल तर विनाइलचं अक्षर काचेवर राहतं. ‘शंकर’ मधल्या अनुस्वाराचा विनाइलचा ठिपका इतका लहान असतो की दुसऱ्या-तिसऱ्या फटक्यात उडून जातो आणि पाटीवर ‘शकर’ उरतो. रफाराचं टोक, उकाराची शेपटी यांचीही तीच गत. यावर उपाय आहे: ठिपका मोठा काढायचा, दाब कमी करायचा, नळी तिरकी न धरता सरळ धरायची. पण त्यासाठी अक्षर आधी या कामासाठी आखलेलं लागतं. छपाईचे फॉन्ट उचलून दगडावर टाकले की सगळ्या पाट्या सारख्या आणि सगळ्या थोड्या थोड्या विद्रूप दिसतात.

दगडाचं गणित थोडं निराळं. तिथे विनाइल टिकत नाही, जाड रबराचा थर लावतात. कण जाड लागतात, दाबही जास्त. घासून चकाकी आणलेला काळा ग्रॅनाइट माऱ्याने करडा-पांढरा पडतो, मग त्यात सोनेरी रंग भरतात. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण मात्र या कामाला रुसतो. त्यात जागोजाग पोकळ्या आणि गारा असतात, कण तिथे अडखळतात आणि अक्षराची कड तुटते. त्याला हवी टाकी. पुरंदर तालुक्यात यवतजवळच्या भुलेश्वराच्या भिंती पाहिल्या की या दगडातून छिन्नीने काय काढता येतं ते कळतं. टाकीच्या अक्षराचा तळ टोकदार खोबणीचा असतो, त्यावर उतरत्या उन्हाची सावली पडते आणि रंग न भरता लेख वाचता येतो. कणांनी मारलेल्या अक्षराचा तळ सपाट, कडा बोथट. रंग गेला की अक्षर गेलं. कोनशिला आणि समाधी शंभर वर्षं वाचता यावी अशी इच्छा असेल तर पाथरवटाकडेच जावं. पाटे-वरवंटे मिक्सरने घरातून घालवल्यावर या हातांना काम कमी झालं आहे, आणि तालुक्यात असा माणूस अजून मिळतो तोवर त्याला शोधून काम द्यावं.

स्पर्धा दोन्हीकडे आहे. खिडकीला दुधी काचेऐवजी दुधी फिल्म चिकटवली जाते. ती निम्म्याहून कमी पैशांत होते आणि नको झाली की निघते. काचेवर थेट रंगीत छपाई होते. ग्रॅनाइटवर लेझरने फोटोसारखा चेहरा उतरतो, आणि समाधीवर आता वडिलांच्या नावाबरोबर त्यांचा फेट्यातला चेहराही मागितला जातो. साध्या सपाट नक्षीचं काम या सगळ्यांपुढे टिकणार नाही, आणि टिकावं असा आग्रहही मी धरणार नाही. टिकण्यासारखं आहे ते छटेचं आणि खोलीचं काम. ते फिल्मला जमत नाही.

आता वाळू. कणांच्या माऱ्याला आपण अजून ‘सँडब्लास्टिंग’ म्हणतो, आणि बऱ्याच शेडमध्ये ते नाव शब्दशः खरं असतं. सिलिका वाळू स्वस्त आहे. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागात तिच्या खाणी आहेत, ओतकामाला आणि काचेला तीच लागते. पोत्याने मिळते, एकदा मारायची आणि सोडून द्यायची. काचेवर आदळताना तिचा प्रत्येक कण फुटतो आणि त्याचे इतके बारीक तुकडे होतात की ते डोळ्याला दिसत नाहीत. दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते आणि खाकरून बाहेर पडते. पाच मायक्रॉनच्या आतली धूळ थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते, तिथे गाठी धरते आणि फुप्फुस हळूहळू ताठ होत जातं. हा सिलिकोसिस. त्याला औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. खाणीत तो दहा-वीस वर्षांनी दिसतो. वाळू मारणाऱ्यांत पाच वर्षांच्या आतही दिसला आहे. तोंडाला गुंडाळलेलं उपरणं ही धूळ अडवत नाही.

आपल्या देशाला हा अनुभव नवा नाही. मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे आणि खंबातचे अकीक घासणारे कामगार याच आजाराने गेले. तुर्कस्तानात जीन्स फिकी करण्यासाठी वाळू मारणारी तरुण पोरं आजारी पडली आणि २००९ मध्ये तिथे त्या कामावर बंदी आली. ब्रिटनने ब्लास्टिंगमधली सिलिका वाळू १९५० मध्येच बंद केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९७ मध्ये श्वासातून जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. काचेत सुमारे सत्तर टक्के सिलिका असते, पण ती स्फटिकरूप नसते. सिलिकोसिसचा धोका स्फटिकरूप सिलिकाचा. दख्खनच्या काळ्या पाषाणात सुटं क्वार्ट्‌झ फारसं नसतं. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकले जाणारे बरेच दगडही त्याच जातकुळीचे, कमी क्वार्ट्‌झचे असतात. लाल, करड्या, पांढऱ्या ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी, त्यात ते भरपूर असतं. म्हणजे मांडवगणच्या घरावर दिसणाऱ्या मोराच्या काचेत आणि बहुतेक काळ्या नामपाट्यांत कामगाराचा जीव घेणारी गोष्ट मुळात त्या वस्तूत नाहीच. ती बाहेरून पोत्यात आणली जाते. एवढी एक वस्तू बदलली तर कला जशीच्या तशी राहते.

बदलायला वस्तू आहेतही. अॅल्युमिनियम ऑक्साइड, गार्नेट, सिलिकॉन कार्बाइड यांचे दाणे सिलिका वाळूपेक्षा महाग, पण फुटतात कमी. बंद केबिनमध्ये काम केलं तर तेच दाणे गाळून पुन्हा पुन्हा वापरता येतात, त्यामुळे पोत्याच्या भावावरून केलेली तुलना फसवी ठरते. शिवाय त्यांची धार टिकते, काम लवकर उरकतं आणि दुधीपणा एकसारखा येतो. केबिनला धूळ ओढणारा पंखा आणि गाळणी, बाहेरून हात घालायचे हातमोजे, बघायची काच. मोठी काच केबिनमध्ये मावत नसेल तर बाहेरून ताजी हवा पुरवणारा टोप. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८७ खाली राज्य सरकार धोकादायक कामांसाठी जे नियम करत असे त्यांत हवेने वाळू किंवा खडी मारण्याचं काम येत असे, आणि सिलिकोसिस हा त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतला, डॉक्टरने कळवायलाच हवा असा आजार होता. अडचण अशी की मालक, त्याचा भाऊ आणि एक पोरगा एवढ्यांवर चालणारी रस्त्याकडेची शेड कारखान्याच्या व्याख्येत बसतच नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत निरीक्षक जातो, मांडवगणच्या रस्त्यावर त्याचं जाणं होत नाही.

आम्लाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण गावात ते कमी वापरलं जातं. पण ‘एचिंग क्रीम’च्या डबीत त्याचेच भाऊबंद असतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असेल तर कातडीवर पडल्या पडल्या जळजळत नाही. काही वेळा वेदना चोवीस तासांनी सुरू होते. तोवर ते आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला बांधत असतं. तीव्र आम्ल दोन-तीन तळव्यांएवढ्या जागेवर पडल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. वापरायचंच असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल शेजारी उघडून ठेवलेली हवी, आणि ती नसेल तर त्या कामाला हात लावू नये.

शिकण्याची सोय तालुक्यातच होऊ शकते. पाबळच्या विज्ञान आश्रमात, जो डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केला, २००२ मध्ये अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची प्रयोगशाळा, उभी राहिली. विनाइल कापणारं यंत्र अशा प्रत्येक प्रयोगशाळेत असतंच. देवनागरीची या कामासाठी आखलेली वळणं, मोठ्या अनुस्वाराची आणि जाड रफाराची, आणि सुताराला, फॅब्रिकेटरला बनवता येईल अशा बंद केबिनचा आराखडा या दोन गोष्टी तिथून किंवा तालुक्याच्या आयटीआयमधून बाहेर पडल्या तर शेडमधल्या पोराला दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही. तो आकृती उचलेल आणि केबिन बांधेल, कारण त्यात त्याचे दाणेही वाचतात.

गिऱ्हाइकाच्या हातातही बरंच आहे. दाराची ऑर्डर देताना आपण काचेची जाडी विचारतो, टफन आहे का विचारतो, भाव पाडून मागतो. ‘कशाने मारता?’ हा प्रश्न विचारला जात नाही. दाण्याचा फरक दारामागे बसतो तो किती? एका दाराच्या एकूण खर्चात, काच, टफन, बिजागऱ्या, हँडल आणि बसवणावळ धरून, तो इतका लहान आहे की घासाघीस करण्यासारखा नाही.

आणि शिरूर, दौंडच्या दवाखान्यांबद्दल. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय लवकर धरतो, आणि क्ष-किरणाच्या चित्रात दोन्ही सहज एकमेकांत मिसळून दिसतात. क्षयाची औषधं पूर्ण केली, थुंकीत जंतू नाहीत, वजन भरत नाही, जिना चढताना दम लागतो, असा पस्तिशीतला माणूस समोर आला तर केसपेपरवर वय आणि गाव यांच्या शेजारी त्याचं काम लिहिलं गेलं पाहिजे: काय मारतो, किती वर्षं, केबिनमध्ये की उघड्यावर. आज त्या रकान्यात बहुधा ‘मजूर’ एवढंच लिहिलेलं असतं.